पाहुणे म्हणून जायचं तर क्रेव्हन कॉटेज की अ‍ॅनफिल्ड?

लीड्समध्ये शिकणारी भाची तिथल्या फुटबॉल क्लबची, लीड्स युनायटेडची, पक्की चाहती झालीय. तिचा प्रश्न: "मामा, बाहेरगावचा एकच सामना परवडेल. फुलहॅम की लिव्हरपूल?" क्रेव्हन कॉटेज हे लंडनच्या फुलहॅम क्लबचं मैदान, अ‍ॅनफिल्ड लिव्हरपूलचं.

तिकिटावरून निवड होणार नाही. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या प्रेक्षकांसाठी कमाल दर ३० पौंड, दोन्हीकडे तोच. तिकीट मिळवायचंही आपल्याच क्लबकडून, तेव्हा ओळीत जुने चाहते पुढे. खरा फरक प्रवासाचा: लिव्हरपूल जवळ, लंडनची रेल्वे आयत्या वेळी खिसा कापते.

पण पोचण्यातली मजा फुलहॅमची. पटनी ब्रिज स्टेशनला उतरायचं आणि थेम्सच्या काठाने, बिशप्स पार्कमधून चालत मैदानात. पाहुणे पटनी एंडला, म्हणजे एका गोलमागच्या स्टँडमध्ये, बसतात. शेजारच्या कोपऱ्यात 'कॉटेज' म्हणतात ती विटांची बंगली, आणि तिला लागून १९०५ चा स्टँड, अजून लाकडी खुर्च्यांचा. त्या खुर्च्या मात्र आपण लांबूनच बघायच्या! छताचे खांब आडवे येऊ शकतात, हेही खरं.

अ‍ॅनफिल्डला लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनहून तीनेक किलोमीटर, बस घे. मैदान १८८४ चं असलं तरी स्टँड बरेचसे नवे, जुनेपण नजरेपेक्षा कानांना कळतं. सामन्याआधी हजारो गळे एकदम गायला लागले की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांब, तिथे घोषणा नकोत.

जुनी वास्तू निवांत बघायची, सोबत आई-बाबा असतील, तर फुलहॅम. पैसे मोजून खर्चायचे आणि अंगावर काटा हवा, तर अ‍ॅनफिल्ड.