प्लेट सॉल्व्हिंगसाठी अ‍ॅस्टॅप की अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट?

फोटोतले तारे ताऱ्यांच्या यादीशी जुळवून दुर्बीण आकाशात नेमकी कुठे बघतेय हे काढणं म्हणजे प्लेट सॉल्व्हिंग. ते करणारी ही दोन सॉफ्टवेअर; दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही चालतात. आकाश स्वच्छ, फोकस नेमका आणि माउंटची (दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडची) दिशा साधारण बरोबर असेल तर कुठलं बरं हे सांगणं कठीण आहे, दोघंही चुटकीसरशी उत्तर देतात. म्हणून यशाचा वेग बघून निवड करू नये असं मला वाटतं. खरा फरक दिसतो तो उत्तर सापडत नाही तेव्हा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पहाटे दोनला सॉल्व्हर ‘नाही जमलं’ एवढं सांगायला किती वेळ घेतो, आणि का जमलं नाही याचा काही माग देतो का, यावर माझा कौल ठरला.

आधी ऑनलाइनचं निपटवून टाकू. अ‍ॅस्ट्रोमेट्रीच्या वेबसाइटवर फोटो टाकला की बाकी काही न विचारता ती जागा, पिक्सेल स्केल (एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती भाग मावतो ते) आणि फ्रेम किती अंशांत फिरली आहे ते सांगते. घरी बसून हे सोयीचं आहे. कास-बामणोलीच्या बाजूला मात्र मोबाइलची रेंज येते-जाते, आणि कॅननच्या ६००डी कॅमेऱ्याची एक १६ बिटची फिट्स (खगोलछायाचित्रणात वापरतात ती) फाइल ३६ एमबीच्या आसपास भरते. जेपेग केली तर ती चढेल, पण सेंटरिंगसाठी (लक्ष्य फ्रेमच्या मध्यावर आणण्यासाठी) एका रात्रीत तीस-चाळीस वेळा असं करणं व्यवहार्य नाही. तेव्हा तुलना ऑफलाइन आवृत्त्यांचीच करायला हवी: एकीकडे अ‍ॅस्टॅप, दुसरीकडे लॅपटॉपवरची लोकल अ‍ॅस्ट्रोमेट्री किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एकोस या दुर्बीण चालवणाऱ्या प्रोग्राममधून चालणारी.

अ‍ॅस्ट्रोमेट्रीचं बलस्थान मान्य करायलाच हवं. तिला स्केल माहीत नसला तरी चालतो, दुर्बीण आकाशात कुठे रोखली आहे हे माहीत नसलं तरी चालतं. चार-चार ताऱ्यांच्या चौकड्या करून ती इंडेक्स फाइलींशी (आधीच तयार केलेल्या चौकड्यांच्या याद्यांशी) ताडून बघते. गोम आहे ती या फाइली निवडण्यात. फ्रेमच्या रुंदीच्या साधारण १० ते १०० टक्के मापाच्या चौकड्या असलेल्या फाइली लागतात. ६००डी आणि ६५० मिमीची दुर्बीण घ्या. पिक्सेल ४.३ मायक्रॉन, म्हणजे २०६.२६५ गुणिले ४.३ भागिले ६५०, स्केल पिक्सेलला १.३६ आर्कसेकंद (अंशाचा साठावा भाग आर्कमिनिट, त्याचा साठावा आर्कसेकंद). ५१८४ पिक्सेलची रुंदी झाली ११८ आर्कमिनिटं. ४१०७ नंबरची फाइल २२ ते ३० आर्कमिनिटांची आणि ४१११ नंबरची ८५ ते १२० ची, म्हणजे या पाच फाइलींत काम भागतं. आता तोच माणूस ५३३ कॅमेरा ८ इंची एससीटीला (श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीला) लावतो. फोकल लेंग्थ २०३२ मिमी, फ्रेम अवघी १९ आर्कमिनिटं. ४१०० मालिकेतली सर्वांत बारीक चौकडीच २२ पासून सुरू होते, ती या फ्रेममध्ये मावणार कुठे? इथे ४२०३ ते ४२०६ उतरवून घ्याव्या लागतात. कॅमेऱ्यात दोष नाही, फोकस उत्तम, तारे शेकडो, आणि तरीही सॉल्व्ह होत नाही, अशा तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

मला जाच झाला तो यापुढचा. लोकल अ‍ॅस्ट्रोमेट्रीच्या कॉन्फिग फाइलीत सीपीयूलिमिट (वेळेची कमाल मर्यादा) मुळात ३०० सेकंद लिहिलेला असतो. स्केलची खालची-वरची मर्यादा आणि अंदाजी जागा दिली नाही, तर ती निमूटपणे एकेक इंडेक्स चाळत बसते. ढगाचा एक पुंजका आडवा आला, फ्रेममध्ये आठच तारे उतरले, तरीही पाच मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. तेवढ्यात ढग निघूनही गेलेला असतो. टर्मिनल उघडं ठेवलं तर अमुक इंडेक्सशी जुळलं नाही अशा ओळी सरकताना दिसतात, पण कॅप्चर सॉफ्टवेअरच्या खिडकीत फक्त फिरणारं चक्र. शेवटी ‘फेल्ड’. तारे कमी पडले, इंडेक्स चुकली की स्केल चुकला, याचा पत्ता नाही.

हा वेळ सगळ्यात जास्त टोचतो पोलर अलाइनमेंट करताना, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे लावताना. साताऱ्यातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम पावणेअठरा अंश, सांगलीतून सतराच्याही आत. गळीत हंगामात पाचट पेटवलेल्या शेतांचा धूर आणि कृष्णाकाठचं धुकं नेमकं त्याच पट्ट्यात साचतं. म्हणून बरेच जण निना या कॅप्चर सॉफ्टवेअरमधल्या थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंटकडे वळले आहेत. त्यात माउंट तीन जागी फिरवून तीन सॉल्व्ह होतात, आणि मग बोल्ट फिरवत असताना प्रत्येक फ्रेम सॉल्व्ह होऊन चूक किती उरली याचा आकडा बदलत राहतो. पान्याने अल्टिट्यूडचा बोल्ट पाव आटा फिरवायचा आणि आकडा बघायचा, असा हा खेळ आहे. एखादी फ्रेम अडकून बसली तर पाना हातात धरून उभं राहायचं.

अ‍ॅस्टॅपचा स्वभाव याच्या उलटा. त्याला आधी दोन गोष्टी लागतात: फ्रेमची उंची अंशांत आणि माउंट साधारण कुठे बघतंय ते. रुंदी नव्हे, उंची. वरच्या ६००डीसाठी ती १.३१ अंश. निनातून वापरलं तर फोकल लेंग्थ आणि पिक्सेलचं माप भरलं की हिशेब ते स्वतः करतं. ताऱ्यांचा डेटाबेस निवडणंही सोपं: डी०५ साधारण ०.६ अंशांपासून पुढे, डी५० अगदी ०.२ अंशांपर्यंत, आणि कॅमेरा लेन्सच्या मोठ्या फ्रेमला जी०५. वरच्या एससीटीच्या ०.३२ अंशांना डी०५ पुरणार नाही, डी५० टाकावा. तो प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये जायला हवा. भलत्याच फोल्डरमध्ये उतरवून ‘डेटाबेस सापडत नाही’ म्हणत बसणारे कमी नाहीत.

आणि नाही जमलं तर? अ‍ॅस्टॅप काही सेकंदांत हात वर करतो, पण जाता जाता लॉगमध्ये एक ओळ टाकतो: फ्रेममध्ये इतके तारे, त्यातून इतक्या चौकड्या, डेटाबेसमधून इतके तारे घेतले. ही ओळ वाचायला शिकलात की निम्मं काम झालं. तारे दहा-पंधराच असतील तर दोष आकाशाचा, फोकसचा किंवा काचेवरच्या दवाचा. एक्स्पोजर दोनाचे सहा सेकंद करा, बिनिंग २ करा (दोन बाय दोन पिक्सेल एकत्र धरा), काचेवर टॉर्च मारून बघा. तारे दोनशे आहेत पण जुळत नाहीत, तर आकाशाकडे बघूच नका. उंचीचा आकडा, डेटाबेस किंवा माउंटची जागा यातलं काहीतरी चुकलंय. तारे हजारांत दिसले तर बहुधा हॉट पिक्सेल (तापलेल्या सेन्सरवरचे खोटे ठिपके) मोजले जात आहेत, एप्रिलच्या उकाड्यात हे फार होतं. वाऱ्याने तारे लांबट आले तरी जुळणी बिघडते, आणि चाळकेवाडीला पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत. तिथे एक्स्पोजर वाढवण्यापेक्षा कमी करून बघावं.

सॉल्व्ह झालं पण उंचीचा आकडा थोडा चुकीचा होता, तर तो इशारा देऊन बरोबर आकडाही सांगतो. ६५० मिमीच्या दुर्बिणीला ०.९ पटीचा कोमा करेक्टर (कडेचे तारे नीट करणारं भिंग) लावला की फोकल लेंग्थ ५८५ होते आणि उंची १.३१ ची १.४६. निनात ६५० तसेच राहिले तर ताऱ्यांनी भरलेल्या भागात सॉल्व्ह होतं, विरळ भागात होत नाही, आणि माणूस उगाच केबलवर संशय घेत बसतो. माझ्या मते ही एक सूचनाच अ‍ॅस्टॅपच्या बाजूने पारडं झुकवायला पुरेशी आहे.

अर्थात अ‍ॅस्टॅप सर्वगुणसंपन्न नाही. जागेचा अंदाज साफ चुकला तर त्याचा नेहमीचा ३० अंशांचा सर्च रेडियस तोकडा पडतो. १८० केला तर संपूर्ण आकाश चाळतो, पण मग तोही रेंगाळतो. आपल्याकडे हा अंदाज चुकायची दोन ठरलेली कारणं आहेत. माउंटचा सिनस्कॅन हँडसेट तारीख महिना आधी घेतो. ५ डिसेंबर आपल्या सवयीने ०५/१२ टाकला की तो १२ मे समजतो, आणि आकाश दीडशे अंशांहून जास्त सरकतं. दुसरं, टाइम झोन. ५:३० ऐवजी ५:०० राहिला तर साडेसात अंशांची चूक. ही ३० अंशांत मावते, म्हणून सॉल्व्ह होतं पण नेहमीपेक्षा हळू, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. सॉल्व्ह बरोबर होतंय पण सिंकनंतरही (माउंटला खरी जागा कळवल्यावरही) लक्ष्य मध्यावर येत नाही, अशी रड असेल तर सॉल्व्हर बदलून उपयोग नाही. माउंट चालवणाऱ्या ईक्यूमॉडमध्ये सिंकची पद्धत ‘अपेंड’ आहे का बघा. जुने सिंक पॉइंट पुसा आणि ‘डायलॉग बेस्ड’ ठेवा.

निनात मुख्य सॉल्व्हर आणि ब्लाइंड सॉल्व्हर (जागेचा अंदाज नसताना वापरायचा) वेगळे निवडता येतात. तिथे मी दोन्हीकडे अ‍ॅस्टॅपच ठेवतो. ब्लाइंडला ऑनलाइन ठेवून कासला जाणं म्हणजे रेंज नसताना फोन लावत बसणं. अ‍ॅस्ट्रोमेट्रीची वेबसाइट मी घरच्या कामासाठी राखून ठेवली आहे: नवी लेन्स, नवा रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग), कुणाचा उसना कॅमेरा आला की एक जेपेग तिथे टाकायची, आलेल्या पिक्सेल स्केलवरून खरी फोकल लेंग्थ काढायची आणि तोच आकडा निनात भरायचा. नळीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. या कामात तिला तोड नाही.

ज्यांचं सगळं आधीच रास्पबेरी पाय आणि एकोसवर बसलं आहे त्यांनी ते मोडून अ‍ॅस्टॅपकडे यावं असा माझा आग्रह नाही. एकोसमध्येही अ‍ॅस्टॅप निवडता येतो. अ‍ॅस्ट्रोमेट्रीच ठेवायची असेल तर वेळेची मर्यादा ३० सेकंदांवर आणा, स्केल आणि जागा दोन्हींचा वापर चालू ठेवा, आणि फ्रेमला नको त्या मापाच्या इंडेक्स फाइली फोल्डरमधून काढून टाका. निम्मा जाच तिथेच कमी होईल. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र थेट अ‍ॅस्टॅप टाकावा, जमल्यास डी५०सकट. ही फाइल जवळपास एक जीबीची आहे, तेव्हा ती साताऱ्यातच उतरवून घ्या. बामणोलीला पोचल्यावर ती उतरणार नाही.