सायकलच्या लोडेड टूरिंगचा (सामान लादून लांबच्या ट्रिपा करायचा) सेटअप, आठ महिन्यांनंतर: गिअर पास, कॅरिअरचा बोल्ट दोनदा नापास

उतारावर मागून टक्क असा आवाज आला आणि पुढच्याच वळणाला सामान डावीकडे कलंडलं. थांबून बघितलं तर कॅरिअरचा डावा पाय सुटा, खालचा बोल्ट तुटलेला आणि त्याचा अर्धा तुकडा फ्रेमच्या आट्यांत अडकलेला. पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायची बॅग, स्पोकांपासून जेमतेम बोटभर लांब होती. आत गेली असती तर चाक जागेवर जाम झालं असतं, आणि तेही उतारावर. आठ महिने या सेटअपबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत होतो, ते शेवटी या बोल्टामुळे लिहितोय.

सेटअप थोडक्यात: स्टील फ्रेम, केबलवाले डिस्क ब्रेक, ७०० बाय ४२ टायर, मागचं चाक ३६ स्पोकांचं. मी ७०, सायकल १६ आणि सामान २२, म्हणजे एकूण १०८ किलो. कॅरिअरवर लिहिलेली मर्यादा २५ किलो, आणि मागे मी १६ च्या वर कधी ठेवले नाहीत, वजनकाट्यावर तोलून भरतो.

आता बोल्ट. एम५, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा, ४ ची ॲलन की लागते तो. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (पॅड बसतात तो भाग) जागा मिळावी म्हणून कॅरिअरचा पाय आणि फ्रेम यांच्यामध्ये २० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा स्पेसर (अंतर ठेवणारी नळी) दिला होता, आणि सगळी गोची त्या स्पेसरमध्ये आहे. पाय फ्रेमला थेट टेकलेला असेल तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले राहतात, भार त्या घर्षणावर जातो, बोल्टाला फक्त दाबून धरायचं काम. मध्ये २० मिलिमीटर लांबी आली आणि बोल्ट जरासा जरी सैल झाला की तो भिंतीतल्या खुंटीसारखा वाकायला लागतो, प्रत्येक खड्ड्याला एकदा, दिवसभरात हजारो वेळा, आणि आट्यांच्या मुळाशी बारीक चीर पडून एक दिवस तुटतो. तुटलेल्या तोंडावर ते दिसतंही, अर्धा भाग गुळगुळीत आणि अर्धा खरखरीत.

कॅरिअर विकणाऱ्याला फोटो पाठवले तर पहिलं उत्तर, ओव्हरलोड केलं असणार. वजनाचे आकडे दिले तर म्हणे बोल्ट झिजणाऱ्या वस्तूंमध्ये येतो, वॉरंटी नाही. अहो, बोल्ट म्हणजे काय ब्रेक पॅड आहे का? चार वेळा लिहिलं, शेवटी त्याच मापाचे दोन बोल्ट पाठवले. मला बोल्ट नको होते, त्या स्पेसरचं काय ते हवं होतं, त्यावर शेवटपर्यंत एक ओळ उत्तर नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा माझी समजूत अशी की बोल्टच हलका असेल, म्हणून मी स्वतः स्टेनलेसचा आणून लावला. तीन आठवड्यांत तोही तुटला, त्याच जागी. मग कळलं की साध्या स्टेनलेसची ए२-७० ग्रेड ७०० मेगापास्कलची (एवढ्या ताणाला तुटते) आणि साधा ८.८ चा पोलादी बोल्ट ८०० चा, म्हणजे गंजायचं वाचवायला मी उलट कमी ताकदीचा बोल्ट लावला होता. पण खरं दुखणं ग्रेडचं नव्हतंच.

उपाय असा केला. लेथवर पोलादी स्पेसर करून घेतला, दोन्ही तोंडं अगदी सपाट. ८.८ चा लांब बोल्ट फ्रेमच्या आट्यांतून आरपार, आतून नायलॉनवाला नट (रोटरला, म्हणजे ब्रेकच्या चकतीला, लागत नाही ना ते चाक फिरवून बघायचं), आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद). तीन महिने झाले, हललेला नाही. तुटलेला तुकडा काढायची युक्तीही सांगून ठेवतो: चाक काढा, आतल्या बाजूने टोक दिसत असेल तर पकडीने धरून घड्याळाच्या उलट फिरवा, आतून बाहेर येतो, ड्रिल लागत नाही.

गिअरबद्दल मात्र मी खूष आहे. मूळ सायकलला पुढे ४६-३० आणि मागे ११-३४ दातांची चक्रं होती. ३०-३४ वर पॅडलच्या एका फेरीत सायकल जवळपास १.९६ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर ८ टक्के चढावर १०८ किलोंना नुसतं वर न्यायलाच १६६ वॅट लागतात, दिवसभर हे माझ्याच्याने होत नाही, मग फेऱ्या पडतात आणि गुडघे बोलायला लागतात. जुन्या माउंटन सायकलचा ४४-३२-२२ चा क्रँक घरात पडून होता, तो लावला, मागे ९ स्पीडची ११-३६. आता खालच्या गिअरला १.३६ मीटर, त्याच ६० फेऱ्यांना ११५ वॅट. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, पण बसून, श्वास न तुटता, तासन् तास. शिमानोच्या ९ स्पीडमध्ये रोड आणि माउंटनचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एकाच शिफ्टरवर (गिअर बदलायच्या खटक्यावर) चालतो म्हणून नवं फार काही घ्यावं लागलं नाही. पुढच्या डिरेलरची केबलची ओढ मात्र जुळत नाही, त्यासाठी हँडलच्या टोकाला लागणारे शिफ्टर घेतले, पुढचा बिनखटक्याचा असतो, हवा तिथे थांबवता येतो. एकच पथ्य, ४४-२२ आणि ११-३६ मिळून ४७ दातांचा फरक होतो, लांब डिरेलर ४५ च्या आसपासच सांभाळतो, म्हणून पुढे २२ असताना मागे सगळ्यात लहान दोन चक्रांवर जायचं नाही, चेन लोंबते.

हलका गिअर म्हणजे कमजोर माणसाचा, असं अजूनही ऐकवतात. तूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगीच नव्हती, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून पॉल द व्हिवी, म्हणजे वेलोसिओ या टोपणनावाने लिहिणारा फ्रेंच सायकलवाला, डोंगरात जाणाऱ्यांना अनेक गिअर वापरा म्हणून सांगत होता. त्याचंच बरोबर होतं.

पुढच्या पॅनियरबद्दल माझं मत पूर्ण बदललं. सुरुवातीला वाटलं उगाच आणखी एक कॅरिअर, आणखी वजन, कशाला. पण पॅनियर फक्त मागेच असताना उभं राहून चढताना मागचा भाग शेपटीसारखा हलायचा आणि उतारावर हँडल थरथरायचं. ८ किलो पुढे, चिमट्याला (फोर्कला) खाली, ॲक्सलच्या उंचीवर आणले आणि थरथर गेली. माझ्या मते बोल्ट टिकण्यातही याचा हात आहे. दोन्ही वेळा डावाच तुटला, आणि स्टोव्ह, टूल वगैरे जड सामान डाव्या पॅनियरमध्ये होतं, तेही आता दोन्हीकडे वाटून टाकलंय.

ब्रेक ठीक. ५०० मीटर उंची उतरताना १०८ किलोंची जवळपास ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, थोडी हवा खाते, बाकी पॅडवर. रेझिन पॅड लांब उतारावर चकचकीत होऊन पकड सोडायचे, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) लावल्यावर आवाज वाढला पण पकड राहते. सतत दाबून न धरता वळणाआधी जोरात दाबून सोडून द्यायचा, मध्ये रोटर थंड होतो.

राहिली उजवी बाजू. तिथे पोलादी स्पेसर बसवला, पण आतून नट लावता येत नाही, ११ च्या चक्रावर चेन गेली की नटाला घासते. त्यामुळे तिथे नुसतं लॉकटाइट आहे आणि रोज संध्याकाळी तंबू लावायच्या आधी ४ ची ॲलन की लावून बघतो. मागच्या ट्रिपला अकरा दिवसांत एकदा पाव फेरी आवळावा लागला.