‘टेबल’ या एका क्रियापदापायी: ॲडव्हान्स्ड बिझनेस इंग्लिशचा कोर्स नऊ महिने शिकवल्यावर

गेल्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा रात्री फोन आला. खरेदी विभागात मोठ्या पदावर आहे, इंग्रजी उत्तम. आवाज पडलेला होता. "मॅडम, मी मीटिंगमध्ये म्हटलं, ‘आय’ड लाइक टू टेबल द प्रायसिंग इश्यू.’ तर समोरचे ‘शुअर’ म्हणाले आणि थेट पुढच्या मुद्द्यावर गेले. दराचा विषय निघालाच नाही. माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. कोर्सच्या सातव्या प्रकरणात मीटिंगच्या शब्दांची चौकट आहे. तिथे ‘टेबल’ या क्रियापदाचा अर्थ ‘चर्चेसाठी मांडणे’ असा दिलाय आणि मी तो तसाच शिकवला होता. ब्रिटिश इंग्रजीत तो बरोबरच आहे. पण समोरची टीम अमेरिकन होती आणि अमेरिकेत ‘टेबल’ म्हणजे ‘तूर्त बाजूला ठेवणे’. दोन आठवडे आकडे जमवून ती ज्या विषयासाठी बसली होती, तो विषय तिनेच बंद केला असं समोरच्यांना वाटलं. पुढची बैठक महिन्याने.

म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. कोर्सचं नाव देत नाही, कारण प्रकाशकाशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. रचना बहुतेकांना माहीत असेलच: सी-वन पातळी (युरोपीय भाषा-चौकटीतल्या सहा पातळ्यांपैकी वरून दुसरी), बारा प्रकरणं, प्रत्येक प्रकरणाला आजच्या व्यवसायातला एक विषय, त्यावर लेख, ऑडिओ, केस स्टडी आणि लिखाण. मी तो तीन बॅचना शिकवला. सगळे नोकरी करणारे, इंग्रजीत रोज काम करणारे. अशा लोकांना व्याकरण येतं, शब्दही येतात. अडतं ते नेमक्या छटेवर. नकार द्यायचाय पण दार बंद करायचं नाही, शंका घ्यायचीय पण आरोप करायचा नाही. मराठीत हेच लोक ‘बघू’, ‘जरा कठीण वाटतंय’, ‘पाठवाल का’ हे कुठे म्हणायचं ते न शिकता जाणतात. इंग्रजीत तीच माणसं एकदम ठोकळ्यासारखं बोलायला लागतात. या पातळीवर शिकवायचं ते एवढंच, आणि ते फार अवघड आहे.

पहिले तीन महिने मी या कोर्सच्या प्रेमात होते. विशेषतः तिसरं प्रकरण, पुरवठा साखळी. 23 मार्च 2021 ला ‘एव्हर गिव्हन’ हे 400 मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि 29 मार्चला सुटलं. जगाच्या व्यापारातला साधारण 12 टक्के माल ज्या वाटेने जातो, ती वाट सहा दिवस बंद. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे लेख समजून घेण्यात वेळ जात नाही, सगळा वेळ भाषेला मिळतो. ‘बॉटलनेक’, ‘लीड टाइम’, ‘बफर स्टॉक’, ‘नॉक-ऑन इफेक्ट’ हे शब्द पाठ करायची गरजच पडली नाही. दोन महिने वर्गात तोंड न उघडलेला एक जण मालवाहतुकीतला निघाला आणि त्या दिवशी फळ्याजवळ उभा राहून बाकीच्यांना वाट बदलण्याचा हिशेब समजावू लागला.

त्या धड्यात मी एक बदल केला. पुस्तकात प्रश्न आहे, ‘काय करायला हवं होतं?’ शेवट माहीत असताना हा प्रश्न सोपा होतो. मी फळ्यावर 25 मार्च ही तारीख लिहिली आणि म्हटलं, जहाज कधी सुटणार हे आज कुणालाच माहीत नाही. केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा की थांबायचं, हेही ठरलेलं नाही. ग्राहकाला मेल लिहा, तीन वाक्यांत. पहिला मसुदा जवळजवळ सगळ्यांचा सारखाच आला: ‘युअर शिपमेंट विल बी डिलेड. सिच्युएशन इज बियाँड अवर कंट्रोल. काइंडली बेअर विथ अस.’ व्याकरणात फारसं बोट ठेवायला जागा नाही, पण ग्राहकाच्या हातात काय पडलं? काहीच नाही. तासाभराने त्याचंच झालं: ‘वुई नाउ एक्स्पेक्ट डिलिव्हरी टू स्लिप बाय अबाउट टू वीक्स. इफ द कॅनाल रीओपन्स बाय मंडे, दॅट कुड कम डाउन टू वन. वुई विल अपडेट यू ऑन थर्सडे आयदर वे.’ ‘अबाउट’, ‘कुड’, ‘आयदर वे’. छोटे शब्द, पण खात्री किती आणि वचन किती हे त्यांनीच ठरतं. तो मेल एकीने स्वतःच्या कामात तसाच वापरला. शिकवणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं!

चौथ्या महिन्यात मात्र माझा सूर बदलला. पाचवं प्रकरण कामाच्या बदलत्या जागांवर आहे. त्यातला मुख्य लेख वीवर्क ऑक्टोबर 2021 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हाच्या उत्साहातला. कंपनी लांब मुदतीने इमारती भाड्याने घेते, थोड्या मुदतीने जागा देते आणि लेख सांगतो की ऑफिसचं भविष्य हेच. नोव्हेंबर 2023 मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी कोर्टात गेली. वर्गात पहिल्याच पानावर हात वर झाला, "मॅडम, हे आता शिकायचं?" मला उत्तर सुचलं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकरणाची तीच गत. ते 30 नोव्हेंबर 2022 च्या आधी लिहिलंय, म्हणजे चॅटजीपीटी यायच्या आधी. ‘आधुनिक विषय’ म्हणून घेतलेला कोर्स दोन-तीन वर्षांत शिळा होणार असेल तर तो घ्यावा कशाला, असं मी तेव्हा माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं.

ते मत मी मागे घेते. दुसऱ्या बॅचला तोच वीवर्कचा लेख मी लपवाछपवी न करता दिला आणि सांगितलं, यातलं प्रत्येक ‘विल’ शोधा. एकूण चौदा सापडले. मग म्हटलं, लेखकाला पुढचं काही माहीत नव्हतं, तरीही त्याची लाज राखली जाईल असं लिहा. ‘शेअर्ड ऑफिसेस विल रीप्लेस द लाँग लीज’ या वाक्यावर अर्धा तास गेला. कुणी ‘आर लाइकली टू’ घातलं, कुणी ‘मे वेल’. एकाने ‘कुड, प्रोव्हायडेड दॅट’ घातलं आणि त्यापुढे नेमकी ती अट लिहिली जी पुढे मोडली: भाडेकरू कमी झाले तरी इमारतींची भाडी भरता आली तर. त्या वर्गाला ‘हेजिंग’, म्हणजे जितकी खात्री तितकंच ठाम बोलणं, वेगळं शिकवावं लागलं नाही. ताजा लेख असता तर लेखकाचं ‘विल’ कुणालाच खटकलं नसतं. आता मी जुना झालेला लेख मुद्दाम शोधून घेते.

आठव्या प्रकरणाचं श्रेय पूर्ण कोर्सलाच. अमेरिकेतल्या बिझनेस राउंडटेबल या संघटनेने ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीच्या उद्देशाबद्दल एक निवेदन काढलं, 181 मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीने. याच संघटनेने 1997 मध्ये भागधारकांना पहिलं स्थान दिलं होतं. नव्या निवेदनात ग्राहक, कर्मचारी, पुरवठादार, समाज आणि भागधारक अशी पाच कलमं आहेत. कोर्स ते निवेदन वाचून घेतो आणि विचारतो, यात कुठे आकडा आहे, कुठे मुदत आहे? नाही. ‘कमिट’ या शब्दाचं वजन किती, ते कशाने वाढतं आणि कशाने कमी होतं, यावर वर्ग दीड तास भांडला. शाश्वततेच्या अहवालात आपली कंपनी काय लिहिते ते दोघांनी दुसऱ्या दिवशी काढून आणलं. एका अहवालात सगळी वाक्यं ‘स्ट्राइव्ह’ आणि ‘सीक’ची होती. निवेदनं वाचायची ही नजर त्यांना आयुष्यभर उपयोगी पडेल.

मध्यस्थीचे, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत पोचवण्याचे, सराव चांगले आहेत. युरोपीय भाषा-चौकट 2001 ची, तिच्या 2020 च्या सुधारित पुरवणीत या कौशल्याला मोठी जागा मिळाली आणि कोर्सने ते मनापासून घेतलंय. वाटाघाटीचं प्रकरण बरं. नेतृत्वाचं मी वगळते, त्यात उपदेश जास्त आणि भाषा कमी.

आणि आता ‘टेबल’. एवढ्या चांगल्या कोर्समध्ये एका क्रियापदाचं काय घेऊन बसलात, असं मला एका सहकारी शिक्षिकेने विचारलं. मी ते घेऊन बसणारच. संपूर्ण पुस्तकात कुठल्याच शब्दापुढे ब्रिटिश की अमेरिकन याची खूण नाही. ‘टर्नओव्हर’चा अर्थ वार्षिक विक्री असा दिलाय, अमेरिकन माणूस बऱ्याचदा त्यावरून नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण समजतो. ‘स्टॉक’ म्हणजे गोदामातला माल, पण पलीकडे तो शेअर होतो. ‘स्कीम’ ब्रिटिश कानाला साधी योजना, अमेरिकन कानाला त्यात लबाडीचा वास. ‘क्वाइट गुड’ इंग्लंडमध्ये बरेचदा ‘ठीक आहे’ आणि अमेरिकेत ‘खूपच छान’. अहवालावर शेरा म्हणून आला तर माणूस खूश व्हायचा की घाबरायचा? ‘बिलियन’ घ्या. ब्रिटिश सरकारने 1974 मध्ये अधिकृतपणे शंभर कोटींचा बिलियन स्वीकारला, पण जर्मन ‘बिलिओन’ आजही लाख कोटींचा आहे. जर्मन सहकाऱ्याबरोबर आकडे बोलताना हे माहीत असायलाच हवं.

सी-वन पातळीवर अशी खूण नसणं ही किरकोळ चूक नाही. बी-वनचा विद्यार्थी चुकला तर समोरचा समजून घेतो, कारण त्याची भाषा अडखळते. सी-वनचा माणूस अस्खलित बोलतो, त्यामुळे तो जे म्हणतो तेच त्याला म्हणायचंय असं समोरचा धरून चालतो. माझ्या विद्यार्थिनीला कुणी ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारलं नाही, कारण तिचं वाक्य निर्दोष होतं. जितकं इंग्रजी चांगलं, तितका हा खड्डा खोल.

प्रकाशकाच्या मदत विभागाला मी तीन मेल पाठवले. पहिल्याला आपोआप आलेली पोच. दुसऱ्याला उत्तर आलं की ‘टेबल’चा दिलेला अर्थ मान्यताप्राप्त शब्दकोशांनुसार बरोबर आहे. तो चूक आहे असं मी म्हटलंच नव्हतं. तिसऱ्या मेलमध्ये मी लिहिलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांमध्ये नेमक्या याच क्रियापदावरून मोठा वाद झाला होता, चर्चिल यांनी तो नोंदवून ठेवलाय. म्हणजे हा घोळ ऐंशी वर्षं जुना आहे आणि तुमच्या संपादकांना तो माहीत असायला हवा. एका ओळीची टीप पुरे. त्यावर उत्तर: सूचना संपादकीय विभागाकडे पाठवली आहे, पुढील आवृत्तीत विचार होईल. डिजिटल प्रत तर आजही सुधारता येते, मग पुढच्या आवृत्तीची वाट कशाला? याचं उत्तर अजून आलेलं नाही.

याच पत्रव्यवहारात आणखी एक कळलं आणि माझा संताप वाढला. पुस्तकातला कोड एकाच माणसाला, एकदाच आणि बारा महिनेच चालतो. त्याशिवाय ऑडिओ उघडत नाही. म्हणजे पहिल्या बॅचची पुस्तकं दुसरीला देता येत नाहीत, आणि जी व्यक्ती पैसे मोजून शिकली तिलाच वर्षभराने एखादा धडा परत ऐकायचा झाला तर कुलूप. मी वस्तू जपून वापरणारी आहे. चांगल्या स्थितीतली पुस्तकं केवळ कोडपायी बाद होताना बघवत नाहीत.

त्या ऑडिओबद्दलही सांगते. बारा प्रकरणांत जवळजवळ सगळे आवाज निवेदकांचे, स्वच्छ, एकाच वळणाचे. आज व्यवसायातलं कितीतरी इंग्रजी अशा दोघांमध्ये बोललं जातं ज्यांच्यापैकी एकाचीही ते मातृभाषा नाही. जपानी कंपनी राकुतेनने 2010 मध्ये कंपनीचा कारभार इंग्रजीत नेण्याचं जाहीर केलं आणि 2012 पर्यंत तो नेला. हे उदाहरण याच कोर्सच्या पहिल्या प्रकरणात आहे, पण सोबतच्या ऑडिओत एकही जपानी आवाज नाही. मी आता विद्यार्थ्यांकडूनच, त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांची परवानगी घेऊन, दोन-दोन मिनिटांची रेकॉर्डिंग जमवते. पार्श्वभूमीला पंख्याचा आवाज असतो, वाक्यं अर्धवट तुटतात, आणि ऐकण्याचा सराव खरा होतो.

पुढच्या बॅचला मी हाच कोर्स लावलाय. यापेक्षा चांगला विषयक्रम मला दुसऱ्या कुठल्या कोर्समध्ये मिळाला नाही. सोबत माझ्याकडून दोन पानं जास्तीची: दोन बाजूंना दोन अर्थ असलेले 43 शब्द, सगळ्यात वर ‘टेबल’. ज्यांना हवी असतील त्यांनी मागावी, पाठवते.

विद्यार्थिनीने काल अमेरिकन टीमला मेल लिहिला. पाठवण्याआधी मला दाखवला. ‘आय थिंक माय वर्डिंग लास्ट वीक मे हॅव गिव्हन द राँग इम्प्रेशन. आय वॉज होपिंग टू डिस्कस प्रायसिंग, नॉट पोस्टपोन इट. कुड वुई फाइंड थर्टी मिनिट्स बिफोर द नेक्स्ट मीटिंग?’ मी त्यात एक स्वल्पविरामही बदलला नाही. त्यांनी गुरुवारची वेळ दिलीय.