सर्व्हरच्या अलार्मसाठी दिवा: यूएसबीचा, नेटवर्कचा की घरी जोडलेला?

सीएनसी मशिनच्या डोक्यावर असतो तोच लाल-पिवळा-हिरवा टॉवर लॅम्प आता सर्व्हर रूममध्येही मागतात. झॅबिक्स, नागिओस हे सर्व्हरवर नजर ठेवणारे प्रोग्राम बिघाडाचे मेल पाठवतातच. पण रात्रपाळीत दोनशेवा मेल कोण उघडतो? लाल दिवा चहाला उठलेल्यालाही दिसतो.

यूएसबीचा दिवा लावायला सोपा, पण तो एका संगणकाचा ताबेदार. झॅबिक्स व्हर्च्युअल मशिनवर (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर) असेल तर यूएसबी आत पोचवायचा वेगळाच खटाटोप. एका टेबलापुरता ठीक.

खरी लढत उरलेल्या दोघांत. नेटवर्कचा दिवा, उदाहरणार्थ जपानच्या पॅटलाइटचा, एसएनएमपी ट्रॅप (यंत्रांनी नेटवर्कवर पाठवायची छोटी सूचना) आणि एचटीटीपी (वेब पानं ज्या पद्धतीने येतात ती) दोन्ही ऐकतो. ट्रॅप यूडीपी या पद्धतीने जातो, पोचल्याची पावती मिळत नाही. म्हणून मी एचटीटीपी वापरतो. त्याहून मोलाचं म्हणजे हा दिवा स्वतः सर्व्हरला पिंग करू शकतो, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारू शकतो. झॅबिक्सच आडवा पडला तर बोंब कोण मारणार? हा दिवा मारतो. किंमत मात्र चांगलीच झोंबते.

सुटे भाग घेऊन घरी जोडायचा तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं: २४ व्होल्टचा टॉवर लॅम्प, तेवढ्याच व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा), रिले बोर्ड (विजेवर चालणारे स्विच), ईएसपी८२६६ ही वाय-फायची चिप. दोन ठिकाणी हमखास फसगत होते. चिपच्या जीपीआयओ ०, २ आणि १५ या पिना ती सुरू कशी होणार (बूट मोड) ते ठरवतात, रिले तिथे लावू नका; ४ आणि ५ बऱ्या. आणि बरेचसे स्वस्त रिले बोर्ड पिनेकडून ‘लो’ (शून्य व्होल्ट) मिळाल्यावर चालू होतात. पहिल्यांदा मी कोड उलटा लिहिला होता: सगळं सुरळीत, आणि हिरवा सोडून बाकीचे दोन्ही दिवे पेटलेले.

पण खरा धोका हिरव्या दिव्याचा. सर्व्हर बंद पडला तरी तो शेवटची आज्ञा धरून शांतपणे जळत राहतो. म्हणून दर ३० सेकंदांनी सर्व्हरकडून ठोका, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश, मागवा. ९० सेकंद आला नाही तर हिरवा बंद, पिवळा लुकलुकता. एवढं करणार नसाल तर घरचा दिवा नकोच.

चोवीस तास माणसं बसणार असतील तर पैसे मोजून नेटवर्कचा घ्या. लहान ऑफिसात सोल्डरिंग येणारा माणूस असेल, आणि तो टिकणारा असेल, तर घरचा. लाल फक्त झॅबिक्सच्या ‘हाय’ आणि ‘डिझास्टर’ या गंभीर पातळ्यांना, ‘वॉर्निंग’ला लाल दिलात की दोन दिवसांत त्याच्याकडे कोणी बघणार नाही.

बझर घेणार असाल तर आवाज बंद करायचं बटण आहे का बघा. आमच्याकडे नव्हतं. चौथ्या रात्री कुणीतरी वायरच कापली.