एन्टेरोजर्मिना: केमोच्या जुलाबांवर कितपत कामाची?

एन्टेरोजर्मिना म्हणजे प्रोबायोटिक, पोटाला उपयोगी जिवंत जंतूंचं औषध. 5 मिलीच्या कुपीत बॅसिलस क्लॉसी या जंतूचे 2 अब्ज बीजाणू. फ्रीज लागत नाही. पावसाळ्यात गुहागर-दापोलीकडे लाइट गेली तरी चिंता नाही, ही मोठी जमेची बाजू. कुपी हलवून पाण्यातून द्या, वाफाळत्या पेजेत ओतू नका.

आतड्याच्या कॅन्सरवरच्या कॅपेसिटाबिन, इरिनोटेकानने होणाऱ्या जुलाबांवर मात्र पुरावा तोकडाच. लोपरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी), ओआरएसची जागा एन्टेरोजर्मिना घेत नाही. पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. जिवंत जंतू रक्तात शिरू शकतात. ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठा.

मेडिकलवाले कधी बदली म्हणून बोलार्डीची पुडी देतात. ते यीस्ट आहे. केमो पोर्ट (शिरेत औषध सोडायला त्वचेखाली बसवलेली नळी) असलेल्यांना ती पुडी नकोच. पुडी फाडताना उडालेली पूडही पोर्टपर्यंत पोचू शकते आणि यीस्ट रक्तात शिरू शकतं.