पापण्यांना शेक देणारा मास्क: हिवाळ्यापासून वापरते आहे, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगते. कोरड्या डोळ्यांसाठी हा मास्क कामाचा आहे, पण एकट्या मास्कने भागत नाही. शेक झाल्यावर लगेच पापण्या दाबून त्यांच्या ग्रंथींतलं तेल बाहेर काढणार असाल तरच घ्या. नुसता लावून पडून राहायचं असेल तर झोप छान लागेल, एवढंच.

माझं काम टॅली आणि जीएसटी रिटर्न्सचं, त्यामुळे दिवसभर स्क्रीनसमोर. त्यात नागपूरचा उन्हाळा आणि तोंडावर कूलर. संध्याकाळपर्यंत डोळे खुपायचे, चुरचुरायचे, वर घळाघळा पाणीही वाहायचं. पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे कसे असतील, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणाल्या, "गुलाबपाणी घाल गं." मेडिकलमधून आणलेल्या थेंबांनी तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा तेच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीची कड दाबली आणि स्लिट लॅम्पला (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राला) जोडलेल्या स्क्रीनवर दाखवलं. कडेवर, पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला, बारीक छिद्रांची रांग असते. तिथून नितळ तेल यायला हवं. माझ्या छिद्रांतून टूथपेस्टसारखी पिवळट, घट्ट वळी आली. या मायबोमियन ग्रंथी. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांच्या तेलाचा थर अश्रूंवर पसरतो म्हणून अश्रू लवकर सुकत नाहीत. तेल थिजून छिद्रं बुजली की अश्रू उडून जातात, डोळा चिडतो आणि चिडला की पाणी सोडतो. अश्रूंचा थर दहा सेकंद तरी टिकायला हवा, माझा त्याच्या निम्म्यातच फुटत होता. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात आणि मिटल्या तरी अर्धवट. पापणी पूर्ण मिटते तेव्हाच ग्रंथीवर दाब येऊन तेल बाहेर पडतं.

आधी गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन ठेवून पाहिला. दोन-तीन मिनिटांत गार. तेल वितळायला पापणीला चाळीस अंशांच्या आसपास ऊब दहा मिनिटं तरी मिळावी लागते, नॅपकिन तेवढ्या वेळात पाच वेळा बुडवायचा कोणी? म्हणून यूएसबीवर चालणारा मास्क घेतला, हजार-बाराशेचा. त्याला तापमानाच्या पायऱ्या आहेत, आपोआप बंद होतो, वरचं कापड काढून धुता येतं. सगळ्यात वरची पायरी मला चटका देते, मधली पुरते. वायर मात्र आखूड. पलंगापर्यंत पोचतच नाही, पॉवर बँक उशाशी घ्यावी लागते. इलॅस्टिकही आता सैल झालंय.

शेक झाला की हात स्वच्छ धुऊन वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेने हलक्या बोटाने निपटायची. बुबुळावर जोर द्यायचा नाही. त्यानंतर थोडा वेळ धूसर दिसतं, ते तेलामुळे. म्हणून मी हे झोपण्यापूर्वीच करते. शेवटी पापण्यांच्या कडा लिड वाइपने पुसायच्या.

पहिले काही आठवडे काडीचा फरक नव्हता. फरक हळूहळू पडला: सकाळी पापण्या चिकटणं थांबलं, मग थेंब कमी झाले. वारंवार येणारी रांजणवाडी या पावसाळ्यात आली नाही. काजळ आतल्या कडेला लावणं सोडलं, कारण ते नेमकं त्या छिद्रांवरच बसतं. हे सोडणं मला सगळ्यात जड गेलं!

कोरड्या डोळ्यांसाठी घेत असलेल्या ओमेगा-३ च्या (माशाच्या तेलाच्या) गोळ्या मी बंद केल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभर रोज तीन ग्रॅम घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा विशेष फायदा दिसला नव्हता. गोळ्या महाग, त्यात माशाचे ढेकर. एका ठिकाणी मला आयपीएल म्हणजे प्रकाशाच्या झोताच्या उपचाराचं पॅकेज सुचवलं गेलं. तो उपचार काहींना चांगला लागू पडतो, पण गडद त्वचेवर भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका जास्त असतो. माझा सावळा रंग बघूनही त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, तेव्हा मी परत फिरले.

घेण्यापूर्वी पापण्या तपासून घ्या. अश्रूच कमी तयार होत असतील तर उपचार वेगळा, आणि ज्या ग्रंथी सुकून गेल्या त्या शेकाने परत येत नाहीत. डोळे आले असतील किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेकू नका. लेन्स वापरत असाल तर आधी काढा. आणि दुकानात गेलात की पहिल्यांदा वायरची लांबी बघा.