निळ्या भवऱ्याचे १६,९०० रुपये

अहमदपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली सबमर्सिबल उघडायची, काळी पडलेली कॉइल काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, हेच वीस वर्षांपासून चाललंय. व्होल्टेजच्या बाबतीत मला आजवर कुणी बनवलं नाही. या प्रकरणातही व्होल्टेजच्या बाबतीत मी बनलो नाही, बाकी सगळ्यात बनलो. १६,९०० रुपये गेले, तेही एका जुन्या व्हिडिओ गेमपायी. घरात अजून 'तो डबा' हा शब्द काढायची सोय राहिलेली नाही.

डबा म्हणजे सेगा ड्रीमकास्ट. आपल्याकडे बहुतेकांनी हे नावही ऐकलेलं नसतं. टीव्ही गेम म्हटलं की लोकांना कॅसेट फुंकून लावायचा तो आठवतो, नाहीतर एकदम प्लेस्टेशन २. या दोघांच्या मधे हे पांढरं मशीन आलं अन् गेलंही. जपानात २७ नोव्हेंबर १९९८ ला निघालं, ३१ जानेवारी २००१ ला कंपनीनं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सगळे मिळून ९१ लाखांच्या आसपास नग खपले. त्याच्या मागून आलेलं प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या वर गेलं.

मी ते पाहिलं २००१ साली, म्हणजे मेल्यानंतरच. दहावी झाली की आमच्याकडच्या पोरांना लातूरला टाकायचे. गंजगोलाईपासून चालत जाण्यासारखी आमची रूम होती, चौघांची. त्यातल्या एकाचा मामा दुबईला होता. तिकडं स्वस्तात मिळालं म्हणून त्यानं भाच्याला ते आणून दिलं. आम्ही बारावीचं वर्ष 'क्रेझी टॅक्सी'त आणि 'सोलकॅलिबर'मध्ये घातलं म्हटलं तरी चालेल, निकालही तसाच लागला. मशीन चालू झालं की पडद्यावर एक भवरा उमटायचा. आमचा निळा होता. रिमोटमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये, एक छोटं मेमरी कार्ड बसायचं, व्हीएमयू. त्याला स्वतःचा चिमुकला पडदा आणि स्वतःची बटणं. 'सॉनिक'मधला एक प्राणी, चाओ, त्यात उतरवून घेता यायचा. मी तो शर्टाच्या खिशात घालून केमिस्ट्रीच्या ट्यूशनला न्यायचो. त्याला दोन सीआर २०३२ सेल लागायचे. ते संपले की मशीन सुरू करताना लांबलचक 'टीं' वाजायचं, शेजारच्या रूमवाले भिंत ठोकायचे. आम्ही ते सेल बदललेच नाहीत, कारण दोन सेलच्या पैशात चौघांचा चहा व्हायचा.

ही आठवण लांबली, पण ती लांबणं हाच माझा रोग आहे, आणि समोरच्यानं तोच बरोबर ओळखला.

जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. फोटो एकच. खाली लिहिलेलं, 'जुना गेम, दादाचा, चालू आहे, ७,५००.' नावसुद्धा धड लिहिलेलं नव्हतं. मी मेसेज टाकला. पलीकडून एक पोरगा बोलला, पुण्याचा म्हणाला. "सर, मला यातलं काहीच कळत नाही. मोठा भाऊ वारला, त्याचं सामान काढतोय. भंगारात द्यायला जीव होत नाही, कुणीतरी जाणकाराच्या हाती गेलं तर बरं."

आता मला सांगा, ज्या माणसाला बायको, पोरगा, मित्र यांपैकी कुणीच वीस वर्षांत या विषयावर पाच मिनिटं ऐकून घेतलेलं नाही, त्याला कुणी 'जाणकार' म्हटलं तर काय होईल?

मी त्याला सगळं सांगितलं. तीन रात्री सांगत होतो. जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२० चं. आपल्याकडच्या २३० वर थेट लावलं की पॉवर सप्लाय उडतो, म्हणून युरोपवालंच पाहिजे, त्याला ॲडाप्टर लागत नाही. युरोपवाल्याचा भवरा निळा, बाकीच्यांचा नारिंगी. चालता चालता आपोआप रीसेट होत असेल तर घाबरू नको, पॉवर सप्लायच्या पिना काळ्या पडलेल्या असतात, साफ केल्या की झालं. तारीख दरवेळी २७ नोव्हेंबर १९९८ वर जात असेल तर आतला सेल गेलाय. लेसर थकलं असेल तर ते काढून मेमरी कार्डावरून गेम चालवणारा बोर्ड बसवता येतो.

तो म्हणायचा, "बापरे सर, तुम्हाला किती माहिती आहे!" मी फुगायचो.

चाहत्यांचंही सांगितलं. कंपनीनं सोडून दिलं तरी लोक यासाठी नवे गेम बनवतात. 'फॅन्टसी स्टार ऑनलाइन'चे मूळ सर्व्हर कधीच बंद झाले, पण लोक स्वतःचे सर्व्हर चालवून अजून खेळतात. 'जीटीए ३' या मशीनसाठी कधी निघालाच नव्हता, तोसुद्धा चाहत्यांनी त्यावर चालवून दाखवला. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलर कंपनीला दिले आणि मार्च २००१ मध्ये ते गेले, हेही सांगितलं. त्यावर त्याचा मेसेज आला, "माझा दादाही असाच होता, सर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. आता लिहितानाही लाज वाटते.

आता त्याची हुशारी बघा, खरं म्हणजे माझी. मशीनच्या बुडाला लेबल असतं, त्यावर मॉडेल नंबर असतो, युरोपवाल्याचा एचकेटी-३०३०. मी विचारलं, "खाली काय लिहिलंय?" तो म्हणाला, "सर, बारीक आहे, दिसत नाही." मी विचारलं, "एचकेटी-३०३० आहे का?" "हो सर, ३०३०च आहे." पुढं त्यानं दुसरा फोटो पाठवला, त्यात झाकणावरचा भवरा नारिंगी. पहिल्या फोटोत निळा होता. मला खटकलं. खटकलं अन् मीच लिहिलं, "दादांनी झाकण बदललं होतं का? बरेच हौशी लोक बदलतात." उत्तर आलं, "हो सर, दादानं बदललं होतं."

माझ्या दुकानात शेतकरी जळालेली मोटार घेऊन येतो तेव्हा मी कधीच विचारत नाही, "एक फेज गेला होता का?" असं विचारलं की तो हो म्हणतो. कोरडी चालली का म्हटलं, तरी हो. मोटार कशी जळाली हे त्याला ठाऊक नसतं, त्याला फक्त माझं काम सोपं करायचं असतं. म्हणून मी म्हणतो, काय झालं ते पहिल्यापासून सांग, आणि गप्प बसतो. हे मला वीस वर्षांपासून कळतं. तरी त्या पोराला मी प्रत्येक प्रश्नात उत्तर घालून दिलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. १,५०० टोकन. मग कुरिअरच्या पावतीचा फोटो आला, त्यावर माझं नाव, पत्ता, पिनकोड सगळं बरोबर. म्हणून उरलेले ६,००० टाकले. पावतीवरचा नंबर साइटवर टाकला तर काहीच दिसेना. तो म्हणाला, "उद्या सिस्टिमला चढेल." दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला म्हणून वेगळ्याच माणसाचा फोन. इलेक्ट्रॉनिक माल आहे, विम्याचे २,३५० भरा, डिलिव्हरी झाली की परत मिळतात. भरले. एव्हाना ७,५०० अडकलेले होते, त्यामुळं २,३५० कमी वाटले. विहिरीला पाणी लागत नाही म्हणून आणखी चार हात खोल जाणाऱ्या माणसासारखं झालं माझं.

त्याच रात्री पुन्हा फोन. "सर, तुमचा विमा माफ झाला, पैसे परत घ्या. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा." आता ऐका. माझ्याच काउंटरवर क्यूआर चिकटवलेला आहे. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पिन गिऱ्हाईक टाकतं, मी हातात पाना धरून उभा असतो आणि स्पीकर बोलतो की अमुक रुपये मिळाले. पैसे घ्यायला मी आयुष्यात कधी पिन टाकलेला नाही. तरी त्या रात्री टाकला. कारण तो माणूस फोन ठेवूच देत नव्हता. "लवकर सर, दोन मिनिटांत लिंक बंद होते. २,३५० दिसतंय का? खाली रिफंड लिहिलंय का? मग पिन टाका." खरंच लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी क्यूआर बनवणाराच लिहितो, तिला काडीचा अर्थ नसतो. २,३५० गेले. "अरेरे, तुमच्याकडून उलटं झालं सर. आता दोन्ही एकदम परत येतील, ४,७०० चा पाठवतो." तोही स्कॅन केला.

मग फोन बंद. पुण्याच्या पोराचाही बंद. बहुतेक दोघं एकाच खाटेवर बसलेले असावेत.

इथं मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मला माहीत होता, पण रात्रभर लाजेनं कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला. तो आपल्या पेमेंट ॲपमध्येच असतो. फोन लावायच्या आधीच कागदावर उतरवून ठेवा, मला त्यासाठी दोनदा लाइन सोडावी लागली. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला. पुढची माहिती आणि स्क्रीनशॉट सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर भरले. शेवटचे ४,७०० रुपये कुठल्यातरी खात्यात अडकवून ठेवलेत असं कळलंय, ते अजून माझ्यापर्यंत आलेले नाहीत. बाकीचे रात्रीतूनच तीन-चार खात्यांतून फिरून निघून गेले. पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर जास्त अडवता आले असते, असं पोलीस म्हणाले. त्या तासात मी गच्चीवर येरझाऱ्या मारत होतो.

बायकोला आठवड्यानं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "उधारीवाल्याला दहा येळा उलटसुलट विचारता, अन् ह्याला कामून नाही विचारलं हो? पोराच्या मोबाइलवर तर फुकट चालतो म्हणे तुमचा गेम." चालतो, खरं आहे. मोबाइलवर तो भवरा उमटतोही. पण खिशात ते कार्ड नसतं, अन् 'टीं' वाजत नाही. हे तिला कसं सांगू, म्हणून नाही सांगितलं.

आता कुणी असं जुनं काही घेणार असेल तर मी म्हणतो, व्हिडिओ कॉलवर समोरच्याला ते मशीन टीव्हीला लावायला सांग, वायर सॉकेटमध्ये घालण्यापासून. नाही म्हणाला तर विषय संपला, मग भाऊ वारला असो की आजोबा. आणि आपण तोंड उघडायचं नाही. माझ्या ओळखीत नांदेडचा एक पोरगा आहे, त्याच्या ड्रीमकास्टचे चारही कंट्रोलर एकदम बंद पडले होते तेव्हा आतला फ्यूज कोणता बघायचा ते मी सांगितलं होतं. मागच्या महिन्यात त्यानं मला एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. "काका, दुसरं मिळतंय, घेऊ का?"

जाहिरात यावेळी चांगली लांब होती. 'युरोपियन मॉडेल, आपल्या २३० व्होल्टवर थेट चालतं, ॲडाप्टर लागत नाही. निळा भवरा. रीसेट होत नाही, पॉवर सप्लायच्या पिना साफ केलेल्या आहेत. फक्त तारीख २७ नोव्हेंबर १९९८ वर जाते, आतला सेल बदलावा लागेल. भावाची आठवण आहे, जाणकारानेच संपर्क करावा.' किंमत ८,५००.

पुण्याचा माणूस भोवरा लिहील. भवरा आमच्याकडं म्हणतात.

मी पोराला कळवलं, एक रुपया टाकू नको, हा तोच आहे. मग मलाच राहवेना. म्हटलं, त्याला एवढंच विचार की बुडाच्या लेबलवर काय लिहिलंय, आकडा मात्र तू सांगू नको. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला.

"काका, मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. एचकेटी-३०३०."